मांडीवरचा प्रवासी

बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगते, पाळणे म्हटले जातात, घुगऱ्या वाटल्या जातात आणि घरच्यांच्या लेखी नाव ठेवण्याचं काम तिथेच संपतं. सरकारी नोंदवहीत मात्र बाळाच्या नावाचा रकाना अनेकदा कोरा राहतो. जन्माची नोंद दवाखान्याकडून पहिल्या काही दिवसांतच होते आणि तेव्हा नाव ठरलेलं नसतं. त्यात पहिलं बाळंतपण माहेरी. म्हणजे आई-वडील नोकरीला बारामतीच्या एमआयडीसीत आणि लेकराची नोंद फलटणला, करमाळ्याला नाहीतर दौंडला. तीन-चार वर्षं कुणाचं काही अडत नाही. अडतं ते परदेशी जायचं ठरतं तेव्हा. सिंगापूरच्या किंवा इटलीच्या सहलीचा पहिला टप्पा मग मुंबईचं विमानतळ नसून आजोळची ग्रामपंचायत नाहीतर नगरपालिका असते.

कायदा इथे बराच सोयीचा आहे. नोंदीत नाव घालायला वर्षभर पैसे पडत नाहीत आणि त्यानंतर विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत ते घालता येतं. पण १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांच्या पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखलाच चालतो. शिवाय १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांचं नाव महाराष्ट्रात आधी स्वतःचं, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव या क्रमाने लिहिलं जातं. हा निर्णय चांगला आहे, आईचं नाव लेकरामागे आधीच यायला हवं होतं. फक्त दाखला, आधार, पासपोर्ट आणि विमानाचं तिकीट या चारही ठिकाणी एकाच बाळाची चार नावं होणार नाहीत, एवढी काळजी घ्यावी लागते. पासपोर्टवर एक नाव आणि तिकिटावर दुसरं असेल, तर विमानतळावरच्या काउंटरवर कुणी ऐकून घेत नाही.

बारामती एमआयडीसीला परदेश नवा नाही. पियाजिओच्या कारखान्यातून ॲपे रिक्षा बाहेर पडतात, २०१२ पासून व्हेस्पाही इथेच बनते. कंपनीचं मूळ घर टस्कनीतलं पाँतेदेरा. फेरेरोचा कारखाना २०११ पासून इथे आहे. त्या कंपनीचं मूळ घर पिएमाँतमधलं आल्बा. देशभरातली मुलं ज्या किंडर जॉयसाठी दुकानात हट्ट धरतात, तो बारामतीत तयार होतो. शेजारच्या इंदापूर तालुक्यात वालचंदनगर आहे. साखर कारखान्यांची अवजड यंत्रं घडवणारं हे गाव. इंदापूरची द्राक्षं आणि डाळिंबं परदेशी जातात. इथला माल कधीचाच समुद्रापलीकडे पोचला. त्यामागोमाग कामासाठी आणि प्रशिक्षणासाठी माणसं गेली. आता हातात दोन पैसे आहेत, पुण्यात कामं करून देणारे एजंट आहेत, बहीण किंवा दीर तिकडे स्थायिक आहे, आणि अंगावर पिणाऱ्या, नुकत्या चालू लागलेल्या मुलांना घेऊन कुटुंबंच्या कुटुंबं निघू लागली आहेत.

घरात मात्र या मुलांचा विचार बहुतेक वेळा सामानासारखाच होतो. ठिकाणं, हॉटेलं, खरेदी ठरते ती मोठ्यांच्या हौसेने, आणि बाळाबद्दल एवढंच बोललं जातं : ‘त्याचं काय, कडेवर घेऊन फिरू.’ सरकारं, विमान कंपन्या आणि सीमाशुल्क खाती तसं मानत नाहीत. त्यांच्या दृष्टीने दोन महिन्यांचं मूल हा पूर्ण प्रवासी आहे. खरं तर घराने या बाबतीत त्यांच्याकडून शिकायला हवं.

पूर्वी लहान मुलाचं नाव आई-वडिलांच्या पासपोर्टवरच चढवता येई. पुढे ‘एक माणूस, एक पासपोर्ट’ हा दंडक जगभर आला. त्यामागे मुलांच्या पळवापळवीची भीती होती. आज तान्ह्या बाळालाही स्वतंत्र पासपोर्ट लागतो. तो पाच वर्षांचा असतो, किंवा अठरा पूर्ण होईपर्यंतचा, जे आधी संपेल ते. आई-वडील दोघांची संमती लागते. त्यासाठी ‘परिशिष्ट ड’ भरायचं. ते साध्या कागदावर चालतं, नोटरी लागत नाही. आठ वर्षांखालच्या मुलांना नव्या पासपोर्टच्या शुल्कात दहा टक्के सवलत आहे. पासपोर्ट काढायला पुण्याला मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात जाणं म्हणजे बारामतीहून साधारण शंभर किलोमीटर. भेटीची वेळ सकाळची मिळाली तर पहाटेच निघावं लागतं.

चार वर्षांवरच्यांचा फोटो केंद्रातच काढतात. त्याहून लहान मुलाचा फोटो घरून न्यायचा : साडेचार बाय साडेतीन सेंटिमीटर, पाठीमागे पांढरं. कागदावर हे सोपं वाटतं. प्रत्यक्षात पलंगावर पांढरी चादर अंथरायची, बाळाला उताणं निजवायचं, आईने खुळखुळा घेऊन फोटो काढणाऱ्याच्या डोक्यामागे उभं राहायचं. काजळ पुसायचं, कपाळावरची तीट पुसायची. आजीला ते पटत नाही. आधाराला धरलेला कुणाचा हात फोटोत दिसता कामा नये, डोळे उघडे हवेत, तोंड मिटलेलं हवं. बाळ हसलं की तोंड उघडतं, रडलं की डोळे मिटतात. चेहरा मिनिटभर स्थिर मिळाला तर मिळाला. दूध पिऊन तृप्त झाल्यानंतरची दहा मिनिटं त्यासाठी सगळ्यात चांगली.

युरोपला जायचं तर शेंगेन व्हिसाही बाळाच्या नावाने वेगळा. सहा वर्षांखालच्या मुलांना त्याचं शुल्क नाही. सहा ते बारा वयाला ४५ युरो, मोठ्यांना ९०. जून २०२४ पासूनचे हे दर. बारा वर्षांखालच्यांच्या बोटांचे ठसे घेत नाहीत. मात्र किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा बाळालाही लागतो, आणि ही अट जाच समजू नये. परक्या देशात मध्यरात्री लेकराला फणफणून ताप भरला की त्या विम्याची खरी किंमत कळते.

बारामतीहून पाटसमार्गे पुण्याला निघालं की सोलापूर रस्त्यावर चौफुला लागतं आणि जवळच केडगाव. तिथे पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. लहान मूल घेऊन परदेशी गेलेल्या मराठी आईची जी हकिगत सगळ्यात नीट नोंदली गेली आहे, ती याच रमाबाईंची. फेब्रुवारी १८८२ मध्ये त्यांचे पती बिपिनबिहारी मेधावी वारले. एप्रिल १८८३ मध्ये दोन वर्षांच्या मुलीला, मनोरमेला घेऊन त्या मुंबईहून बोटीने इंग्लंडला निघाल्या. भाड्याचे पैसे त्यांनी स्वतःच्या ‘स्त्रीधर्मनीति’ या पुस्तकाच्या विक्रीतून उभे केले होते. समुद्र ओलांडला तर प्रायश्चित्त घ्यावं लागण्याचा तो काळ. पासपोर्ट मात्र लागला नाही. भारतात पासपोर्टचा कायदा आला तो १९२० मध्ये.

रमाबाई वाँटेज इथल्या सेंट मेरी सिस्टर्सच्या मठात राहिल्या. पुढे त्या चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात संस्कृत शिकवत आणि स्वतः शिकत. त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण शाकाहार सोडला नाही. अंडं घातलेल्या पुडिंगलाही त्यांची हरकत असे. मनोरमेला काय शिकवायचं, तिला कसं वाढवायचं, यावरून त्यांचे मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी वाद झाले. ते पत्रव्यवहारातून आजही वाचायला मिळतात. मुलगी माझी, तिच्याबद्दलचा शेवटचा शब्द माझा, ही रमाबाईंची भूमिका होती. ज्यांच्या छपराखाली आपण राहतो आणि ज्यांचं अन्न खातो त्यांच्यासमोर असं उभं राहायला किती बळ लागलं असेल, याचा अंदाज परक्या घरी पाहुणा म्हणून लेकरासह राहिलेल्या कुणालाही येईल.

१८८६ च्या फेब्रुवारीत मायलेकी अमेरिकेला गेल्या. ११ मार्चला फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशींना डॉक्टरकीची पदवी मिळाली, त्या समारंभाला रमाबाई हजर होत्या. पुढे त्या अमेरिकाभर व्याख्यानं देत फिरू लागल्या आणि मनोरमेला त्यांनी वाँटेजला परत पाठवलं. कामाचा प्रवास आणि लहान मूल यांचा मेळ बसेना, तेव्हा त्यांनी मुलीला एका जागी स्थिर ठेवलं. हा निर्णय घेताना आईच्या जिवाचं काय झालं असेल ते वेगळं. पण रेल्वेने गावोगाव फिरण्यापेक्षा पाच वर्षांच्या मुलीला ओळखीच्या माणसांत ठेवण्यात तिचा विचार होता, हे मान्य करावं लागतं.

रमाबाईंच्या इंग्लंडच्या बोटीला तीन-चार आठवडे लागले. आता मुंबईहून दुबई तीन तासांवर, सिंगापूर साडेपाच तासांवर, आणि रोमला आठ-नऊ तास. पण बारामतीकरांचा मोठा प्रवास त्याआधीच होऊन गेलेला असतो. मुंबई अडीचशे किलोमीटर. विमान पहाटे दोन-तीनचं, विमानतळावर पोचायचं तीन तास आधी, म्हणून दुपारी चार-पाचलाच गाडी पेन्सिल चौकातून बाहेर पडते. पुण्यातली वाहतूक, घाट, खालापूरच्या फूड मॉलवर लंगोट बदलणं, आणि बाळाची झोपेची वेळ होते नेमकी इमिग्रेशनच्या रांगेत. पुण्याहून थेट जाता आलं तर हा सगळा भार हलका होतो. पण लोहगावचा तळ हवाई दलाचा, धावपट्टी अडीच किलोमीटरच्या आसपास. लांब पल्ल्याची मोठी विमानं तिथून सुटत नाहीत. म्हणून लहान मूल असलेल्यांनी मुंबईत एक रात्र मुक्काम करावा. हॉटेलचे पैसे जातात, पण विमानात चढताना आई-वडील आणि मूल तिघंही माणसात असतात.

विमान अकरा-बारा किलोमीटर उंचीवरून उडतं, पण आतली हवा दाबून ठेवलेली असते. तो दाब समुद्रसपाटीपासून साधारण १८०० ते २४०० मीटरवरच्या हवेइतका असतो. कळसूबाईचं शिखर १६४६ मीटर आहे. म्हणजे आईच्या मांडीवरचं मूल काही तास कळसूबाईच्याही वरची विरळ, कोरडी हवा घेत असतं. निरोगी मुलाला त्याचा त्रास होत नाही, मात्र पाणी आणि दूध वरचेवर द्यावं लागतं. कानात दडे बसतात ते मुख्यतः विमान उतरताना. कानाच्या आतली घशाकडे जाणारी नळी गिळताना उघडते आणि दाब सारखा होतो. मोठी माणसं जांभई देतात, मुलाला ते सुचत नाही. म्हणून उतरायला अर्धा तास उरला की अंगावर पाजणं, बाटली नाहीतर पाण्याचा घोट. झोपलं आहे तर झोपू द्या, असं शेजारचे सांगतात. या एका वेळी त्यांचं ऐकू नये. सर्दीने नाक चोंदलेलं असेल, तर निघण्याआधीच डॉक्टरांना दाखवावं.

दोन वर्षांखालच्या मुलाला स्वतंत्र आसन घ्यावं लागत नाही. आंतरराष्ट्रीय प्रवासात त्याचं भाडं मोठ्यांच्या साधारण दहा टक्के पडतं. पाळणा हवा असेल तर तो फक्त भिंतीसमोरच्या पहिल्या रांगेत अडकवता येतो, त्याला वजनाची मर्यादा असते, आणि तो तिकीट काढतानाच मागून घ्यावा लागतो. जाताना मूल दोन वर्षांहून लहान आणि येताना दोन वर्षांचं पूर्ण, असं झालं तर परतीचं पूर्ण बालतिकीट लागतं. वाढदिवसाची तारीख पाहूनच सहल आखावी.

मांडीवर बसवणं स्वस्त आहे, पण सुरक्षित आहे का? १९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेत सू सिटीच्या धावपट्टीवर युनायटेडचं फ्लाइट २३२ कोसळलं. विमानात मांडीवरची चार मुलं होती. मुख्य हवाई परिचारिका जॅन ब्राउन यांनी त्या काळच्या नियमाप्रमाणे आई-वडिलांना सांगितलं, मुलांना पायाशी जमिनीवर ठेवा आणि धरून राहा. आदळण्याच्या झटक्यात मूल धरून ठेवणं माणसाच्या हातांना शक्य नसतं. त्यातलं एक मूल दगावलं. जॅन ब्राउन यांनी पुढची कित्येक वर्षं एकाच मागणीसाठी घालवली : विमानात प्रत्येक मुलाला स्वतंत्र आसन आणि पट्टा सक्तीचा करा. अमेरिकेच्या विमान खात्याने तशी शिफारस केली, सक्ती नाही. खात्याचं म्हणणं असं की, तिकीट घ्यावं लागलं तर अनेक कुटुंबं विमान सोडून मोटारीने जातील, आणि रस्त्यावर त्याहून जास्त मुलं जखमी होतील. या हिशेबात तथ्य आहे. तरीही ज्यांना परवडतं त्यांनी दीड वर्षाच्या मुलासाठी आसन घ्यावं. आठ तासांच्या उड्डाणात त्या जागेचे पैसे झोपेतच वसूल होतात.

पिशवीत काय न्यायचं, हा आजीचा प्रांत. बाळगुटीची सहाण, वेखंड, मुरुडशेंग, जायफळ. जोडीला मेतकूट, नाचणीसत्त्व, मुगाच्या खिमटाची भरड आणि घरच्या तुपाचा डबा. यातल्या अनेक वस्तूंबद्दल एखाद्या देशाचा काही ना काही नियम आहे. सौदी अरेबियात जायफळ चालत नाही. खसखस नेल्याबद्दल संयुक्त अरब अमिराती, सौदी आणि सिंगापुरात गुन्हा दाखल होऊ शकतो. लाडू-शिऱ्यावर भुरभुरलेली खसखससुद्धा काढून टाकावी. युरोपीय संघात बाहेरून दूध-मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे तूप आणि पेढे घरीच ठेवायचे. सूट आहे ती बाळाची दूध पावडर आणि बाळाचं अन्न यांना : दोन किलोपर्यंत, कंपनीचं बंद पाकीट, फ्रिजशिवाय टिकणारं. नाचणीसत्त्व आणि मेतकुटात दूध नसतं, त्यांची अडचण नाही. ताज्या फळांसाठी वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. त्यातून अननस, नारळ, डुरियन, केळी आणि खजूर एवढीच फळं वगळली आहेत. इंदापूरच्या बागेतलं डाळिंब विमानतळावरच टाकून द्यावं लागेल, केळी मात्र बिनधास्त नेता येतात. प्रवासात कुस्करून भरवायला त्याइतकं सोयीचं फळ दुसरं नाही.

ऑस्ट्रेलियात नियम याहून कडक. तिथे खायची प्रत्येक वस्तू अर्जावर लिहून द्यायची. लिहिलेली वस्तू फार तर काढून घेतात, लपवलेली सापडली तर दंड होतो. आणि अमेरिकेत बारामतीच्या मुलांना चकित करणारी एक गोष्ट आहे. युरोपातलं किंडर सरप्राइज, म्हणजे पोटात खेळणं असलेलं चॉकलेटचं अंडं, तिथे बंद आहे. खाद्यपदार्थाच्या आत न खाण्याजोगी वस्तू नको, असं १९३८ चा कायदा सांगतो. किंडर जॉयचे दोन भाग वेगळे असतात, एकात खाऊ आणि एकात खेळणं, म्हणून तो तिथे विकता येतो.

आफ्रिकेचं वेगळं. साखरधंद्यातले जे लोक कामासाठी केनिया-इथिओपियाकडे जातात, त्यांना पिवळ्या तापाची लस लागते. ती मुलाला नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात आणि दाखला दहा दिवसांनी लागू होतो. त्याहून लहान बाळ असेल तर वडिलांनी आधी एकट्याने जावं.

आता पाँतेदेरा. बारामतीच्या व्हेस्पाचं मूळ गाव पिसापासून वीसेक किलोमीटरवर. तिथल्या पियाजिओ संग्रहालयात जुन्या स्कूटर मांडून ठेवल्या आहेत. बारामतीत स्कूटरवर पुढे उभं राहून शाळेत जाणाऱ्या मुलाला ते ठिकाण आवडेलच, पण तिथल्या रस्त्यावर त्याला स्कूटरवर बसता येणार नाही. इटलीत पाच वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर नेण्यास बंदी आहे. आपल्याकडे चार वर्षांखालच्यांना हेल्मेट, सुरक्षापट्टा आणि ताशी ४० किलोमीटरची मर्यादा असा नियम २०२२ मध्ये निघाला आणि वर्षभराने लागू झाला; तो पाळलेला अजून क्वचितच दिसतो. मोटारीत इटलीत दीड मीटर उंचीपर्यंत मुलाला योग्य आसन लागतं. भाड्याची गाडी घेताना ते आधीच सांगून ठेवावं. मांडीवर घेऊन बसतो, ही सबब तिथे चालत नाही.

पिसाच्या झुकत्या मनोऱ्यावर आठ वर्षांखालच्यांना चढू देत नाहीत. आई आणि बाबांनी आलटून-पालटून वर जायचं, दुसऱ्याने खाली हिरवळीवर मुलाबरोबर थांबायचं. खरं तर मुलाची सहल त्या हिरवळीवरच होते. याच टस्कनीत कोलोदी गावात पिनोकिओची बाग आहे, १९५६ पासून. इटलीच्या सरकारी संग्रहालयांत अठरा वर्षांखालच्यांना प्रवेश मोफत असतो, त्यामुळे अर्ध्या तासात बाहेर पडलं तरी वाईट वाटत नाही. तीन वर्षांच्या मुलाला उफीत्सीमध्ये अर्धा तास पुष्कळ झाला.

मराठी माणसाला सहलीची गोडी लावली ती गट-सहलींनी. १९८४ मध्ये केसरी आली, २०१३ मध्ये वीणा वर्ल्ड. पोहे, वरण-भात, सोबतीला मराठी बोलणारा व्यवस्थापक; आजी-आजोबांसाठी ही सोय मोलाची आहे. पण आठ-दहा दिवसांत चार देश, रोज सकाळी सातला बस, ही गती सव्वा वर्षाच्या मुलाची नव्हे. त्याला दुपारी झोप लागते. इटलीचं घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं. पहिले तीन-चार दिवस मूल पहाटे तीनला टक्क जागं होतं आणि संध्याकाळी जेवणाआधीच कोसळतं. एका गावात सहा रात्री, स्वयंपाकघर असलेलं घर, जवळ बाग आणि किराण्याचं दुकान, दिवसाला एकच ठिकाण. असं केलं तर चौथ्या दिवशी मूल आपल्या पायांनी चालू लागतं आणि आई-वडिलांनाही देश दिसू लागतो.

आणखी एक गोष्ट घरातून निघण्यापूर्वीच बोलून ठेवायला हवी. चिडलेल्या मुलाला चारचौघांत धपाटा घालणं आपल्याकडे कुणाला खटकत नाही. स्वीडनने १९७९ मध्ये मुलांना मारण्यावर कायद्याने बंदी घातली. जर्मनीने २००० मध्ये आणि जपानने २०२० मध्ये तसा कायदा केला. मुलाला हॉटेलच्या खोलीत झोपवून खाली जेवायला जाणं, गाडीत ठेवून दुकानात शिरणं, यासाठीही तिकडे पोलीस येऊ शकतात. भीतीपोटी नव्हे, तर हे कायदे मुलांच्या बाजूचे आहेत म्हणून ते पाळावेत, आणि परत आल्यावरही.

उलट दिशेचा प्रवासही वाढला आहे. मिशिगन किंवा न्यू जर्सीत जन्मलेलं नातवंड जावळ काढायला जेजुरीला आणायचं असतं. ते जन्माने अमेरिकी नागरिक, त्यामुळे आजोबांच्या गावी यायला त्याला भारताचा व्हिसा नाहीतर ओसीआय कार्ड लागतं. पासपोर्टसाठी तिथेही आई-वडील दोघांची संमती. निरगुडेच्या किंवा सणसरच्या वाड्यात आजी वाट पाहत असते आणि बाळाचे कागद तीन-तीन महिने फिरत असतात. मुहूर्त आधी काढला तर तो हमखास हुकतो. कागद हातात आल्यावर मगच गुरुजींना विचारावं.

येत्या मे महिन्यात युरोपला जायचा विचार असलेल्यांनी हा दिवाळी अंक बाजूला ठेवून आधी मुलाचा जन्मदाखला काढून पाहावा. शेंगेनचा अर्ज निघण्याच्या तारखेच्या सहा महिने आधीपासून करता येतो, म्हणजे मेसाठी नोव्हेंबरपासूनच. शेवटची मुदत पंधरा दिवस आधी, पण तोवर थांबू नये. दाखल्यात नाव नसेल तर भाऊबीजेला माहेरी जाणं होणारच आहे. दिवाळीची सुट्टी संपून नोंदणी कार्यालय उघडलं, की त्याच मुक्कामात तेही काम उरकून घ्यावं, आणि जाताना आई-वडील दोघांची आधार कार्डं बरोबर न्यावीत.